कोड्यात टाकणारे निर्णय : अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील प्रशिक्षक, मालक आणि खेळाडूनिवड

अमेरिकन फुटबॉलचा सामना घड्याळावर साठ मिनिटांचा, बघणाऱ्याच्या लेखी तीन तासांहून मोठा, आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ जोडला तर पंधरा मिनिटेही भरत नाहीत. उरलेला बराचसा वेळ ठरवण्यात जातो. एक चाल संपली की पुढचीसाठी चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात कोणते अकरा खेळाडू आत पाठवायचे, चेंडू घेऊन पळायचे की फेकायचे, फेकायचा तर कोणाकडे, हे प्रशिक्षक ठरवतो आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल सुरू करून चेंडू देणाऱ्या किंवा फेकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमधल्या स्पीकरवरून त्याच्या कानात सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो स्पीकर बंद होतो. त्यामुळे इथला निर्णय गडबडीत आपोआप घडून गेला, असे म्हणायची सोय राहत नाही. त्याला वेळ असते, जागा असते, घेणाऱ्याचे नाव असते. तो फसला तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे, याबद्दल प्रेक्षकांना शंका नसते.

खेळाचा ढाचा थोडक्यात असा. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. त्यांना डाऊन म्हणतात. दहा यार्ड सर झाले की पुन्हा नव्या चार. शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, म्हणजे सहा गुण आणि वर एक किंवा दोन गुण मिळवण्याची संधी. तिथवर पोहोचता आले नाही तर दोन खांबांमधून चेंडू मारून फील्ड गोल करता येतो. त्याचे तीन गुण. खरी गोम चौथ्या डाऊनला असते. फील्ड गोल मारावा, लांब लाथ मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याला दूर ढकलावा, की उरलेले यार्ड सर करण्याचा धोका पत्करावा? धोका अंगावर आला तर चेंडू जागच्या जागी प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

हा खेळ चालवणारी नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, १९२० मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी वेगळ्या नावाने स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आज तिच्यात ३२ संघ आहेत. सगळ्यांना सारखी संधी मिळावी याचा या लीगने जणू ध्यास घेतला आहे. महाविद्यालयांतून येणारे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात. ही पद्धत १९३६ पासून आहे, आणि तिच्यात आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिला मान मिळतो. १९९४ पासून पगारावर एकूण मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख. सक्रिय खेळाडू प्रत्येकाकडे ५३. पैसा सारखा, माणसे सारखी, वेळापत्रक जवळजवळ सारखे. मग एक संघ दहा वर्षे वर आणि दुसरा दहा वर्षे खाली का राहतो, याचे उत्तर बरेचसे निर्णयांतच शोधावे लागते. शिवाय या लीगमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत नाही. वाईट मालकाला शिक्षा अशी नसतेच. शिक्षा होते ती त्याने नेमलेल्या माणसांना.

ही माणसे म्हणजे खेळाडू जमवणारा जनरल मॅनेजर, त्यांना खेळवणारा मुख्य प्रशिक्षक, आणि त्याच्या हाताखाली आक्रमणाचा व बचावाचा समन्वयक. अधिकारांच्या या वाटण्या प्रत्येक संघात वेगळ्या असतात. काही ठिकाणी प्रशिक्षकच खेळाडू निवडतो, काही ठिकाणी मालक स्वतःच जनरल मॅनेजर असतो. डॅलस काउबॉइजचे जेरी जोन्स १९८९ पासून ही दुहेरी भूमिका बजावत आहेत. एखादा निर्णय अनाकलनीय वाटतो तेव्हा तो घेणारा अडाणी होता असे सहसा नसते. तो कोणाच्या नोकरीसाठी, कोणत्या मुदतीत आणि कोणाच्या भीतीने घेतला गेला, हे बाहेरच्याला दिसत नाही. पुढली उदाहरणे याच अंगाने वाचावीत. काही मात्र या कसोटीलाही दाद देत नाहीत.

सगळ्यात जुने आणि अजूनही दाखल्यादाखल सांगितले जाणारे उदाहरण १९ नोव्हेंबर १९७८ चे. न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्स फिलाडेल्फिया ईगल्सवर १७-१२ असे पुढे होते. सामना संपायला अर्धे मिनिट उरले होते, चेंडू जायंट्सकडे होता आणि ईगल्सचे टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची मुभा) संपले होते. क्वार्टरबॅक जो पिसार्चिकने चेंडू घेऊन गुडघा टेकला असता तरी सामना संपला असता. पण गुडघा टेकणे तेव्हा पुरुषार्थाला कमीपणा आणणारे मानले जाई. शिवाय आधीच्या चालीत ईगल्सचे खेळाडू अंगावर धावून आल्याने क्वार्टरबॅकला दुखापत होईल, अशी धास्ती आक्रमण समन्वयक बॉब गिब्सन यांना वाटत होती. त्यांनी चेंडू लॅरी झोंकाच्या हातात देऊन पळवण्याची चाल पाठवली. मैदानावरच्या खेळाडूंनी ती खेळू नये म्हणून पिसार्चिकला विनवले. परंतु आदल्या आठवड्यातच आलेली चाल बदलल्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली होती, आणि तो आज्ञा मोडायला तयार नव्हता. चेंडू देताना निसटला, उसळला, आणि ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलून २६ यार्ड पळत टचडाऊन केला. ईगल्स १९-१७ ने जिंकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळे नसते.

या चालीचे परिणाम त्या दुपारपुरते राहिले नाहीत. गिब्सनना दुसऱ्याच दिवशी काढून टाकण्यात आले. आघाडीवर असलेल्या संघाने दोन्ही बाजूंना रक्षक उभे करून गुडघा टेकण्याची खास रचना त्यानंतर सर्वत्र रूढ झाली; आज शाळकरी संघही ती शिकतात. हंगाम संपल्यावर जायंट्सच्या मालक कुटुंबातली भाऊबंदकी लीगच्या आयुक्तांच्या मध्यस्थीपर्यंत गेली आणि जॉर्ज यंग जनरल मॅनेजर झाले. त्यांनी निवडलेल्या फिल सिम्स आणि लॉरेन्स टेलर यांनी जानेवारी १९८७ मध्ये संघाला पहिला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. एका चुकीने संघ सावरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मधली आठ वर्षे आणि यंग यांचे कष्ट त्यात गाळून चालणार नाही.

सर्वाधिक शाई मात्र खर्ची पडली आहे ती १ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेल येथे झालेल्या सुपर बोलच्या एका चालीवर. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. सिअ‍ॅटलचा चेंडू शेवटच्या रेषेपासून एक यार्डावर, दुसरा डाऊन, २६ सेकंद बाकी, एक टाइमआउट हाताशी. संघात मार्शॉन लिंच होता, त्या पिढीतला सर्वांत दांडगा पळणारा. आदल्याच चालीत त्याने चार यार्ड मुसंडी मारली होती. स्टेडियममधल्या प्रत्येकाला वाटत होते की चेंडू त्याच्याकडेच जाणार. मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल आणि समन्वयक डॅरेल बेव्हल यांनी पासची चाल पाठवली. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटकडे चेंडू फेकला. मधे माल्कम बटलर नावाचा, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला नवखा बचावपटू झेपावला आणि त्याने चेंडू पळवला. सामना संपला. इतिहासातली सर्वांत वाईट चाल, असा शिक्का रात्र उलटायच्या आत बसला.

शांतपणे हिशेब मांडला तर चित्र बदलते. सिअ‍ॅटलकडे तीन संधी होत्या, पण टाइमआउट एकच. तिन्ही वेळा पळायचे म्हटले तर घड्याळ पुरले नसते. पास झेलला गेला नाही तर घड्याळ आपोआप थांबते. म्हणून तिन्हींपैकी एक चाल पासची असणे भाग होते, आणि ती दुसऱ्या डाऊनला असावी हे तर्काला धरून होते. समोर पेट्रियट्सनी धिप्पाड गड्यांची फळी उभी केली होती. लिंचला त्या हंगामात एक यार्डावरून पाचदा चेंडू दिला गेला आणि टचडाऊन एकच झाला होता. उलट एक यार्डावरून फेकलेला एकही पास त्या हंगामात लीगमध्ये कुठेही प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला नव्हता, हाच पहिला. दुसऱ्या बाजूला पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी टाइमआउट हाती असूनही घेतला नाही आणि जवळजवळ अर्धे मिनिट वाहू दिले. बटलरने चेंडू सोडला असता तर लोक कॅरलना विसरून बेलिचिकना धारेवर धरते. आणखी एक तपशील बोलका आहे. हीच चाल पेट्रियट्सनी सरावात घोटली होती, आणि तेव्हा बटलर तिला फसला होता.

पास का फेकला यापेक्षा कोणता पास फेकला, यावर खरा आक्षेप घ्यायला हवा. गर्दीच्या मधोमध आडवा पास फेकण्याऐवजी कडेला, जिथे चेंडू आपला नाही तर कोणाचाच नाही, तिथे फेकता आला असता. कॅरलवरची टीका तिथवर योग्य. त्यापुढची बरीचशी निकाल पाहून सुचलेले शहाणपण आहे.

निकालावरून निर्णयाची पारख करण्याची ही खोड चौथ्या डाऊनच्या वादात सर्वांत स्पष्ट दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की संघ चौथ्या डाऊनला गरजेपेक्षा कितीतरी जास्त बचावात्मक खेळतात. कारण उघड आहे. सर्वमान्य चाल खेळून हरलेल्या प्रशिक्षकाला कोणी विचारत नाही. धाडस करून हरलेल्याला पत्रकार परिषदेत उभे केले जाते. १५ नोव्हेंबर २००९ रोजी इंडियानापोलिसमध्ये बेलिचिक यांनी ३४-२८ अशा आघाडीवर, दोन मिनिटे बाकी असताना, स्वतःच्याच २८ यार्डावर चौथ्या डाऊनला दोन यार्ड सर करायचे ठरवले. इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याच्या हाती चेंडू जाऊच द्यायचा नाही, हा विचार. पेट्रियट्सच्या केव्हिन फॉकला थोडक्यात थोपवले गेले आणि कोल्ट्स ३५-३४ ने जिंकले. गणिताच्या अभ्यासकांनी निर्णय उचलून धरला, टीव्हीवरच्या माजी खेळाडूंनी वाभाडे काढले.

याच्या नेमके उलट घडले ते २४ जानेवारी २०२१ रोजी ग्रीन बेमध्ये. पॅकर्स ३१-२३ असे मागे. दोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ, चेंडू आठ यार्डावर, चौथा डाऊन, आणि हाताशी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, जो त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षक मॅट लाफ्लर यांनी फील्ड गोल घेतला. तीन गुणांनी पिछाडी पाचवर आली, म्हणजे टचडाऊनची गरज होती तशीच राहिली. आणि चेंडू मिळाला प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला. तो पॅकर्सना परत मिळाला नाही. ३१-२६. सावधपणाच्या चुकांमध्ये हिच्याइतकी निव्वळ चूक सापडणे कठीण. तरी धाडसाला नेहमीच फळ येते असेही नाही. २८ जानेवारी २०२४ रोजी डेट्रॉइट लायन्सचे डॅन कॅम्पबेल यांनी मध्यंतराला २४-७ अशी आघाडी असताना उत्तरार्धात दोनदा फील्ड गोल नाकारून चौथा डाऊन खेळला, दोन्ही वेळा चेंडू गमावला, आणि संघ ३४-३१ ने हरून सुपर बोलला मुकला. पण असेच खेळून ते इथवर आले होते.

घड्याळाचा गोंधळ हा याहून साधा आणि म्हणून जास्त संतापजनक प्रकार. १२ सप्टेंबर २०२२ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोजचे नवे प्रशिक्षक नथॅनिएल हॅकेट यांचा पहिलाच सामना होता. एका गुणाने मागे, चौथा डाऊन, पाच यार्ड हवे, तीन टाइमआउट शिल्लक. हॅकेट यांनी घड्याळ विसाव्या सेकंदापर्यंत वाहू दिले आणि ६४ यार्डांवरून फील्ड गोल मारायला सांगितले. लीगच्या शंभर वर्षांत एवढ्या किंवा त्याहून लांबून तोवर दोनच गोल झाले होते. तो हुकला, १७-१६ अशी हार. याच डेन्व्हरने काही दिवसांपूर्वी रसेल विल्सनला, एकही सामना न खेळवता, सुमारे २४ कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार दिला होता. हॅकेट हंगाम संपायच्या आत गेले. विल्सनला मार्च २०२४ मध्ये सोडले तेव्हा डेन्व्हरच्या हिशेबात साडेआठ कोटी डॉलर मृत खर्च म्हणून पडले, म्हणजे खेळाडू नाही पण पगारमर्यादेत त्याची जागा आहे. तोवर लीगमध्ये एवढी मोठी रक्कम कोणी बुडवली नव्हती.

काइल शॅनहन यांचे नाव अशा दोन वेगवेगळ्या सुपर बोलशी जोडले गेले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते अटलांटा फाल्कन्सचे आक्रमण समन्वयक होते. २८-३ ची आघाडी विरघळत २८-२० वर आली होती, तरी पाच मिनिटांहून कमी वेळ असताना अटलांटाचा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या २२ यार्डावर होता. तीनदा पळून फील्ड गोल घेतला असता तरी बहुधा भागले असते. शॅनहन यांनी पास मागितला. मॅट रायन चेंडूसकट मागे पाडला गेला, पाठोपाठ नियमभंगाचा दंड झाला, आणि संघ फील्ड गोलच्या टप्प्याबाहेर गेला. जादा वेळेत ३४-२८ अशी हार. सात वर्षांनी, लास व्हेगासमध्ये, ते सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे मुख्य प्रशिक्षक होते. बाद फेरीच्या जादा वेळेसाठी नवा नियम आला होता : पहिल्या संघाने टचडाऊन केला तरी दुसऱ्याला चेंडू मिळणार. नाणेफेक जिंकून शॅनहन यांनी आधी चेंडू घेतला. क्रिकेटमध्ये पाठलाग करणाऱ्याला किती धावा हव्यात ते ठाऊक असते. तोच फायदा त्यांनी कॅन्सस सिटी चीफ्सना आंदण दिला. तिसऱ्यांदा चेंडू आपल्याकडे येईल, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, पण तिसरी वेळ आलीच नाही. चीफ्स २५-२२ ने जिंकले. फोर्टीनायनर्सच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितले की नवा नियम त्यांना माहीतच नव्हता. चीफ्सच्या खेळाडूंकडून तो सराव शिबिरापासून घोटून घेतला होता. निर्णयापेक्षा हा फरक जास्त लाजिरवाणा.

खेळाडूंच्या देवघेवीत घड्याळ सेकंदांचे नसून वर्षांचे असते, आणि तिथले घोटाळे पिकायलाही वर्षे लागतात. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी डॅलसने हर्शेल वॉकर हा आपला सर्वांत नावाजलेला खेळाडू मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला. व्हायकिंग्जचे जनरल मॅनेजर माइक लिन यांना वाटत होते की विजेतेपदाला एकच माणूस कमी आहे. बदल्यात डॅलसला पाच खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या निवडी मिळाल्या. करारात एक बारीक कलम होते : यांपैकी एखादा खेळाडू डॅलसने ठरावीक तारखेआधी काढून टाकला, तर त्याच्या बदल्यात आणखी एक निवड. लिन यांना ते खेळाडू मोलाचे वाटत होते. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांना ते नकोच होते, त्यांना कलम हवे होते. त्या हंगामात डॅलस १६ पैकी एकच सामना जिंकले आणि जॉन्सन यांची टर उडवली गेली. मिळालेल्या निवडींच्या भांडवलावर एमिट स्मिथ आला, पुढे डॅरेन वुडसन आला, आणि जानेवारी १९९३ ते जानेवारी १९९६ या काळात तीन विजेतेपदे आली. वॉकर मिनेसोटात अडीच हंगाम राहिला आणि एकाही हंगामात हजार यार्ड धावला नाही.

डॅलसमधल्याच मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक निवडीला गुण देणारा तक्ता बनवला आणि तो सगळ्या लीगमध्ये पसरला. हा तक्ता वरच्या निवडींना अवाच्या सव्वा भाव देतो, असे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिले. आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते, या खात्रीपोटी संघ वर सरकण्यासाठी भविष्य गहाण टाकतात. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. संघांनी वर सरकणे सोडले नाही. टोकाचा नमुना १९९९ चा. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स या एका खेळाडूसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीची पहिली व तिसरी फेरी वॉशिंग्टनला देऊन टाकली. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर डिटका नवरदेव आणि विल्यम्स पांढऱ्या पोशाखात नवरी, असे छायाचित्रही झळकले. सेंट्सनी तीन सामने जिंकले, तेरा हरले, आणि डिटका यांची गच्छंती झाली. पुढच्या वर्षीची ती पहिली निवड एकूण क्रमात दुसरी ठरली. ती वापरायला डिटका उरले नव्हते, आणि संघाकडे ती नव्हती. उसनवारी करणारा एक आणि फेडणारा दुसरा, हे या सौद्यांचे नेहमीचे रूप आहे.

क्वार्टरबॅकच्या शोधात तर भल्याभल्यांची मती गुंग होते. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सनी तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येण्यासाठी जादा निवडी मोजल्या आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतले. पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता. टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा निवडला गेला, म्हणजे पेट्रियट्ससकट प्रत्येक संघाने त्याला अनेकदा नाकारले होते. त्यामुळे त्या निवडीला द्रष्टेपणा म्हणणे थोडे जास्तच. क्लीव्हलँड ब्राउन्सनी मार्च २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या आणि त्याला २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार केला. त्याच्यावर तेव्हा लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांचे वीसहून अधिक दिवाणी दावे होते. त्याने आरोप नाकारले, लीगने अकरा सामन्यांची बंदी घातली. पहिल्या तीन हंगामांत मिळून तो १९ सामने खेळला. दुसरीकडे, फिलाडेल्फियाने २०२० मध्ये जेलन हर्ट्सला दुसऱ्या फेरीत घेतले तेव्हा वेड्यात काढले गेले होते, कारण कार्सन वेंट्झला नुकताच १२ कोटी ८० लाखांचा वाढीव करार दिलेला होता. हर्ट्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकून दिला. त्या विजयात सेक्वॉन बार्कलीचा वाटा मोठा, ज्याला जायंट्सनी आदल्या वर्षी जाऊ दिले होते. रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यावर, पैसा ओतू नये, हे जायंट्सचे तत्त्व पुस्तकी दृष्टीने बरोबरच होते. पण हाच पैसा त्यांनी डॅनियल जोन्स या क्वार्टरबॅकवर ओतला, चार वर्षांसाठी १६ कोटी, आणि दुसऱ्याच हंगामात त्याला सोडून दिले. बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर आपली झोप उडेल, असे मालक जॉन मारा सांगतात, तो प्रसंग एका दूरचित्रवाणी मालिकेच्या कॅमेऱ्याने टिपला. बार्कली फिलाडेल्फियालाच गेला आणि त्या हंगामात २००५ यार्ड धावला.

प्रशिक्षक नेमणे आणि काढणे हा मालकांचा प्रांत, आणि तिथे तर्क सर्वांत पातळ होतो. सॅन डिएगो चार्जर्सनी मार्टी शॉटनहायमर यांना फेब्रुवारी २००७ मध्ये काढले, १४ विजय आणि २ पराभवांच्या हंगामानंतर. वरवर पाहता हे आत्मघातकी होते. आत जनरल मॅनेजर ए. जे. स्मिथ आणि प्रशिक्षक यांच्यात बोलचालही उरली नव्हती, आणि दोन्ही समन्वयक दुसऱ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले होते. जेरी जोन्स आणि जिमी जॉन्सन तर सलग दोन विजेतेपदांनंतर मार्च १९९४ मध्ये वेगळे झाले. श्रेय कोणाचे, एवढाच वाद होता. ओकलंड रेडर्सचे अल डेव्हिस यांनी २००२ मध्ये जॉन ग्रुडेन यांना चार निवडी आणि ८० लाख डॉलर घेऊन टँपा बेला चक्क विकले. पुढल्याच सुपर बोलमध्ये ग्रुडेन यांच्या संघाने रेडर्सना ४८-२१ असे धुतले. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्ट्सचे मालक जिम अर्सी यांनी हंगामाच्या मध्यावर जेफ सॅटर्डे यांना प्रशिक्षक नेमले, ज्यांनी शाळेपलीकडे कधी संघ सांभाळला नव्हता. पहिला सामना जिंकला, पुढचे सातही हरले. त्यांतला एक मध्यंतराला ३३-० आघाडी असताना, लीगच्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ होऊन.

याउलट पिट्सबर्ग स्टीलर्सनी १९६९ नंतरच्या अर्धशतकात तीनच मुख्य प्रशिक्षक पाहिले. त्याच संघाच्या डॅन रूनी यांचे नाव २००३ च्या नियमाला आहे : मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. नियमाने मुलाखती वाढल्या. नेमणुका त्या मानाने नाहीत. मायामीने सलग दोन यशस्वी हंगामांनंतर काढलेल्या ब्रायन फ्लोरेस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये लीगवर वर्णभेदाचा दावा ठोकला. निवड आधीच झालेली असताना आपल्याला देखाव्यापुरते बोलावले गेले, असे त्यांचे म्हणणे. लीग आणि संघ ते नाकारतात.

एवढे सगळे उलगडूनही काही गोष्टी हाती लागत नाहीत. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सनी माल्कम बटलरला, ज्याने हंगामभर बचावाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत भाग घेतला होता, बचावात एकदाही उतरवले नाही. फिलाडेल्फियाच्या निक फोल्स या राखीव क्वार्टरबॅकने ३७३ यार्ड पास फेकले. पेट्रियट्सनी ६१३ यार्ड मिळवूनही ४१-३३ अशी हार पत्करली. शिस्तभंग, आजार, सरावातली ढिलाई, असे तर्क निघाले. बटलरने गैरवर्तन नाकारले. बेलिचिक एवढेच म्हणाले की संघाच्या हिताचे होते ते केले. बटलर महिनाभरात पाच वर्षांच्या सहा कोटी दहा लाखांच्या करारावर टेनेसीला गेला. मार्च २०२२ मध्ये त्याला पेट्रियट्समध्ये परत घेतले ते बेलिचिक यांनीच, आणि त्याचेही कारण त्यांनी सांगितले नाही. दुखापतीमुळे तो त्या हंगामात एकही सामना खेळू शकला नाही.